मूल एक, घरें दोन

जातककथांतील महोसध पंडिताची गोष्ट आपणांपैकीं पुष्कळांनीं ऐकली असेल. एका मुलावर दोन स्त्रिया हक्क सांगूं लागल्या. महोसधानें जमिनीवर एक रेघ ओढली, मुलाला रेघेवर ठेविलें, एकीला त्याचे हात व दुसरीला त्याचे पाय धरावयास सांगितलें, आणि जी त्याला आपल्या बाजूस ओढून नेईल तिचें तें मूल, असें जाहीर केलें. ओढाताण सुरू होतांच मूल रडूं लागलें. तें रडणें ऐकून एकीनें त्याला सोडून दिलें, आणि हीच खरी आई, हें महोसधानें ओळखलें. शलमोन राजाची गोष्टहि याच जातीची आहे.

आज मी जी हकीकत सांगणार आहें तींतहि एका मुलावर दोघे हक्क सांगतात. परंतु तेथें दोघांपैकीं कोणीच खोटें नाहीं. एक त्याची खरी आई आहे, दुसरा त्याचा खरा बाप आहे. दोघांचा घटस्फोट झाला आहे, मूल कांहीं दिवस एकाच्या घरीं तर कांहीं दिवस दुसऱ्याच्या घरीं राहतें, आणि वाद आहे तो इतकाच कीं, वर्षाचा प्राप्तिकराचा कागद भरतांना आपल्यावर अवलंबून असलेलें मूल म्हणून त्याचें नांव कोणीं लिहावें. स्थळ आहे अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें. प्रश्न वरवर पाहतां कारकुनी वाटतो. परंतु त्याच्या पोटांत दुसरा प्रश्न दडलेला आहे: हें मूल खरोखर कोण वाढवीत आहे? त्या देशाच्या कायद्यानें गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचीं जीं निरनिराळीं उत्तरें दिलीं, त्यांत तेथील कुटुंबसंस्थेचा बराच इतिहास उमटलेला आहे.

आरंभ १९१३ सालापासून करूं. त्या वर्षीं अमेरिकेच्या राज्यघटनेंत सोळावी दुरुस्ती झाली आणि मध्यवर्ती सरकारला प्राप्तीवर कर बसविण्याचा निर्वेध अधिकार मिळाला. त्याच वर्षींच्या कायद्यानें एकट्या माणसाला ३,००० डॉलरपर्यंत व एकत्र राहणाऱ्या पतिपत्नींना मिळून ४,००० डॉलरपर्यंत कर माफ केला. मुलांचा उल्लेख त्या माफींत नव्हता. ही मर्यादा त्या काळच्या मानानें एवढी उंच होती कीं, सामान्य कामगाराला किंवा शेतकऱ्याला या कराची झळ लागतच नसे. १९१७ सालीं अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरली. खर्च वाढला, माफीची मर्यादा १,००० व २,००० डॉलरपर्यंत खालीं आली, आणि मध्यम स्थितीचीं कुटुंबें प्रथमच या कराच्या जाळ्यांत सांपडलीं. तेव्हां मुलाबाळांच्या धन्याची थोडी कणव येऊन कायद्यानें दर आश्रित मुलामागें २०० डॉलरची सूट दिली. पुढल्याच कायद्यांत आश्रित कोणाला म्हणावें याची कसोटी आली: ज्याच्या पोषणाचा मुख्य भार करदाता उचलतो, तो त्याचा आश्रित. पहिलें उत्तर हें असें होतें. ज्याच्या पैशावर मूल जगतें, त्याच्या कागदावर त्याचें नांव.

एक घर आणि एक चूल अशी स्थिति असेपर्यंत या उत्तरांत कांहीं उणें नव्हतें. कर भरणारे थोडे, घटस्फोट घेणारे त्याहून थोडे; दोन्ही थोड्यांत मोडणारीं माणसें तर विरळाच. परंतु दुसऱ्या बाजूनें एक जुनें परिवर्तन चालू होतें, तें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. इंग्रजांच्या जुन्या सामान्य कायद्याप्रमाणें मुलावर अधिकार बापाचा. आईला केवळ आदराचा मान. या स्थितीविरुद्ध कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेनें, स्वतःचीं मुलें नवऱ्यानें हिरावून नेल्यावर, मोठी खटपट केली, आणि १८३९ सालीं इंग्लंडांत कायदा होऊन सात वर्षांखालील मुलांचा ताबा मागण्याची मुभा आईला मिळाली. अमेरिकेंतील न्यायाधीशहि एकोणिसाव्या शतकांत याच दिशेनें गेले. कोवळ्या वयाचें मूल आईपाशींच असावें, ही समजूत तेथें दृढ झाली. परिणामीं घर मोडलें म्हणजे पैसा बापाच्या हातीं आणि मूल आईच्या मांडीवर, अशी वांटणी ठरून गेली. करकायदा पैशाकडे पाहत होता, कुटुंबाचा कायदा मांडीकडे पाहत होता. या दोन नजरांची गांठ पडतांच भांडण सुरू होणार, हें उघड होतें.

ती गांठ दुसऱ्या महायुद्धानें घालून दिली. १९३९ सालीं प्राप्तिकर भरणारे अमेरिकन सुमारें चाळीस लक्ष होते. १९४५ पर्यंत त्यांची संख्या चार कोटींच्या वर गेली. आतां कारखान्यांतला कामगारहि करदाता झाला. १९४४ सालीं सूट सर्वांना सारखी, म्हणजे माणशीं ५०० डॉलर करण्यांत आली, आणि आश्रिताच्या पोषणाचा निम्म्याहून अधिक खर्च करदात्यानें केलेला असला पाहिजे, असा स्पष्ट नियम झाला. १९४८ सालीं ही सूट ६०० डॉलर झाली. इकडे युद्धाच्या घाईंत झालेलीं लग्नें युद्ध संपतांच मोडूं लागलीं. एकट्या १९४६ सालीं सहा लक्षांच्या वर घटस्फोट झाले.

यांत आणखी एक मेख होती. १९१७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पोटगी ही बायकोची करपात्र प्राप्ति नव्हे असें ठरविलें होतें. १९४२ च्या कायद्यानें ती व्यवस्था उलटी केली: पोटगी देणाऱ्या नवऱ्याच्या प्राप्तींतून ती वजा व्हावयाची आणि घेणाऱ्या बायकोच्या प्राप्तींत मिळवावयाची. परंतु मुलाच्या पोषणासाठीं म्हणून वेगळी ठरविलेली रक्कम मात्र बापाला वजा मिळत नसे. पोटगीची ही वजावट पुढें २०१७ च्या कायद्यानें २०१८ सालानंतरच्या घटस्फोटांपुरती काढून टाकली. तोंवर पाऊणशें वर्षें ती चालली. या व्यवस्थेंत बापाला वाटावयाचें कीं, मुलासाठीं मी दरमहा पैसे पाठवितों, त्यावर करहि मीच भरतों, निदान त्याच्या नांवाची सूट तरी मला मिळावी. आईला वाटावयाचें कीं, मूल माझ्या घरांत राहतें, त्याच्या दुखण्याखुपण्याला रात्रीं मी उठतें, आणि सरकारी कागदावर तें दुसऱ्याचें आश्रित कसें? दोघांच्याहि म्हणण्यांत सत्य होतें, म्हणूनच तंटा मिटण्यासारखा नव्हता.

निम्म्याचा हा नियम कागदावर सरळ दिसे. व्यवहारांत तो कसा लागू पडे, तें एका काल्पनिक उदाहरणानें पाहूं. बाप महिन्याला ६० डॉलर, म्हणजे वर्षाला ७२० डॉलर पाठवितो. आई अन्न, कपडे, औषधपाणी यांवर स्वतःचे पैसे घालते. शिवाय मूल तिच्या घरांत ज्या खोलींत राहतें त्या खोलीचें वाजवी भाडेंहि तिच्या खर्चांत धरलें जातें. समजा, असा तिचा वांटा ७८० डॉलर झाला. एकूण पोषण १,५०० डॉलर, निम्मे ७५०, सूट आईला. आतां खोलीचें भाडें वर्षाला १०० डॉलरनें जास्त धरलें आहे असें कोणी दाखवून दिलें, कीं आईचा वांटा ६८० होतो, एकूण १,४०० होतात, निम्मे ७००, आणि सूट एकदम बापाकडे जाते! मुलाच्या आयुष्यांत तिळमात्र फरक पडलेला नाहीं. बदलली ती एका खोलीची किंमत. त्यांत पुन्हां, स्वतःचा वांटा निम्म्याहून अधिक आहे हें सिद्ध करावयाचें तर दुसऱ्यानें किती खर्च केला हेंहि ठाऊक असलें पाहिजे. ज्या दोन माणसांचें बोलणेंच बंद झालें आहे, त्यांनीं एकमेकांचा किराणा व कापडचोपड यांचे हिशेब मिळवावे कसे? शेवटीं दोघेहि त्याच मुलाचें नांव लिहीत, आणि करखात्याला दोघांच्या मधोमध उभें राहून पंचाची भूमिका करावी लागे.

१९६७ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेच्या काँग्रेसनें, म्हणजे तेथील कायदेमंडळानें, यांतून मधला मार्ग काढला. वर्षाचा अधिक भाग मूल ज्याच्या ताब्यांत, त्याचें तें आश्रित, असें प्रथम धरून चालावें. मात्र त्याला दोन अपवाद. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यांत किंवा लेखी करारांत सूट दुसऱ्याला दिलेली असेल आणि त्यानें मुलासाठीं वर्षाला निदान ६०० डॉलर दिले असतील, तर ती त्याला मिळावी. असा करार नसेल, पण दुसऱ्यानें १,२०० डॉलर किंवा अधिक दिले असतील, तर ताबा असणाऱ्यानें त्याहून अधिक खर्च केल्याचें स्पष्टपणें सिद्ध न केल्यास, सूट त्या दुसऱ्यालाच मिळावी. या कायद्यांत पैसा व मांडी यांची तडजोड होती. परंतु दुसऱ्या अपवादाच्या दारानें हिशेबांची जुनी कटकट पुन्हां आंत शिरली.

तितक्यांत कुटुंबाची घडीच बदलली. कॅलिफोर्नियानें १९६९ सालीं केलेला कायदा १९७० च्या पहिल्या तारखेपासून अंमलांत आला, आणि घटस्फोटासाठीं नवराबायकोंपैकीं कोणाचा तरी अपराध सिद्ध करण्याची आवश्यकता उरली नाहीं. इतर संस्थानांनीं हा धडा लवकरच गिरविला. १९७९ सालीं त्याच कॅलिफोर्नियानें मुलाचा ताबा आईबापांकडे संयुक्तपणें ठेवण्याचा कायदा केला. आई नोकरी करूं लागली होती, बाप मुलाला न्हाऊं घालूं लागला होता. कोवळें मूल आईचेंच, ही जुनी समजूत मागें पडत होती. न्याय म्हणून ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु कर घेणाऱ्यापुढें प्रश्न आला: ताबा दोघांचा असेल तर कागद कोणाचा? मुलाचा सहवास वांटतां येतो, खर्च वांटतां येतो; सूट मात्र अखंड होती, तिचे दोन तुकडे पडत नव्हते.

१९८४ सालीं काँग्रेसनें हिशेबांचा नाद सोडला. तिचें म्हणणें थोडक्यांत असें होतें: या तंट्यांत सरकारचें फारसें उत्पन्न गुंतलेलें नसतें, कारण सूट दोघांपैकीं कोणाला तरी मिळणारच असते, मग खात्यानें व आईबापांनीं त्यापायीं एवढा वेळ व पैसा कां खर्चावा? म्हणून नियम झाला कीं, मूल अधिक काळ ज्याच्यापाशीं राहतें त्याची सूट. आणि त्याला ती सोडावयाची असेल तर त्यानें तसें लिहून सही करून द्यावें. या लेखासाठीं करखात्यानें एक फॉर्म छापला, त्याचा क्रमांक ८३३२. घरें मोडलेल्या हजारों अमेरिकन आईबापांना हा आंकडा तोंडपाठ झाला आहे. त्यांच्या समेटपत्रांत कलमें येऊं लागलीं कीं, सम वर्षीं मुलाचें नांव आईनें लिहावें, विषम वर्षीं बापानें. किंवा मुलें दोन असतील तर एकेकानें एकेकाचें.

त्यांतूनहि नवा पेंच निघाला. घटस्फोट देतें तें संस्थानाचें न्यायालय, कर घेतें तें मध्यवर्ती सरकार. अनेक संस्थानांच्या न्यायालयांनीं असें ठरविलें कीं, ताबा असलेल्या आईला हा फॉर्म भरून देण्याचा हुकूम आम्ही करूं शकतों. परंतु मध्यवर्ती करन्यायालय म्हणालें, आम्हांला हुकूमनामा नको, सही हवी. २००० सालच्या एका निकालांत तें स्पष्टच झालें: ताबा असणाऱ्या पक्षाची सही नसेल तर केवळ न्यायालयाचा हुकूम कराच्या कागदाला जोडून भागत नाहीं. एका न्यायालयानें सूट दिली, ती दुसऱ्या न्यायालयांत वटली नाहीं. बापानें मग आईवर बेअदबीची फिर्याद करावी, सही होईपर्यंत वर्ष उलटावें, आणि या सर्वांत वकिलाची फी सुटीच्या रकमेहून अधिक व्हावी, असा संसार सुरू झाला.

याच सुमारास एक गमतीची गोष्ट घडली. १९८६ च्या कायद्यानें असा दंडक घातला कीं, पांच वर्षांवरील प्रत्येक आश्रित मुलाच्या नांवापुढें त्याचा सामाजिक सुरक्षेचा सरकारी क्रमांक लिहिला पाहिजे. तोंवर नांव लिहिलें कीं पुरे होतें; क्रमांक येतांच एकच मूल दोन कागदांवर आलें आहे काय, हें ताडून पाहणें शक्य झालें. १९८७ सालचे कागद भरले गेले तेव्हां अमेरिकेंतील आश्रितांची संख्या एका वर्षांत सुमारें सत्तर लाखांनीं घटली! कोणतीहि सांथ आली नव्हती. त्यांतले कांहीं कधीं जन्मलेच नव्हते; आणि कांहीं मुलें अशीं होतीं कीं, तीं आजवर आईच्या व बापाच्या अशा दोन्ही कागदांवर सुखानें नांदत होतीं.

पुढें मुलामागें मिळणारे लाभ वाढत गेले. १९७५ पासून अल्प मिळकतीच्या कामकऱ्यांना साहाय्य होतें. १९९७ च्या कायद्यानें दर मुलामागें करांतूनच थेट रक्कम वजा मिळूं लागली, ती पहिल्या वर्षीं ४०० डॉलर होती. मुलाचें नांव आतां एक सूट न राहतां लाभांच्या एका जुडग्याची किल्ली झालें. २००४ सालीं काँग्रेसनें या सर्व लाभांसाठीं मुलाची एकच व्याख्या केली, आणि तिचा कणा झाला निवास. मूल वर्षाच्या निम्म्याहून अधिक काळ कोणाच्या घरीं राहतें? पोषणाचा खर्च कोण करतो, हा जुना प्रश्न आईबापांपुरता मागें पडला.

आणि निवास मोजावयाचा कसा? २००८ सालच्या नियमांनीं त्याचेंहि माप ठरविलें: रात्री मोजाव्या. मूल ज्याच्या घरीं निजतें, किंवा प्रवासांत ज्याच्या सोबतीनें निजतें, त्याची ती रात्र. बाप किंवा आई रात्रपाळीला जात असेल तर तिच्यापुरते दिवस मोजावे. ज्याच्या रात्री अधिक, मुलाचा ताबा त्याचा. दोघांच्या रात्री अगदीं समसमान भरल्या तर ज्याचें उत्पन्न अधिक, तो ताबा असलेला धरावा. श्रोतेहो, वर्षाचे दिवस ३६५, हा आंकडा विषम आहे. तेव्हां काटेकोर निम्मी वांटणी साध्या वर्षांत होऊंच शकत नाहीं. एकाच्या वांट्याला १८३ रात्री येतात, दुसऱ्याच्या १८२. आणि त्या एका रात्रीवर वर्षाचा निकाल लागतो. लीप वर्षीं मात्र १८३ व १८३ अशी बरोबरी साधते, आणि तेव्हां कायदा मुलाकडे पाहावयाचें सोडून आईबापांच्या मिळकतीकडे पाहतो.

फॉर्मवर सही करून जें सोडतां येतें तेंहि सगळें नव्हे. मुलामागची थेट वजावट दुसऱ्याकडे जाते; परंतु कुटुंबप्रमुख म्हणून १९५१ च्या कायद्यानें निर्माण झालेला सौम्य दर आणि अल्प मिळकतीचें साहाय्य हीं मूल ज्याच्या घरीं निजतें त्याच्यासाठींच राखलेलीं आहेत. २०१७ च्या कायद्यानें जुनी सूट शून्यावर आणली व थेट वजावट २,००० डॉलर केली. २०२५ च्या कायद्यानें तें शून्य कायम केलें आणि वजावट २,२०० डॉलरवर नेली. ज्या सुटीसाठीं दोन पिढ्या भांडल्या ती गेली, पण नांव कोणाचें हा वाद तिच्या जागीं बसलेल्या लाभाला चिकटून राहिला. २०२१ सालीं महामारीच्या काळांत सरकारनें जुलैपासून डिसेंबरपर्यंत ही रक्कम दरमहा आगाऊ धाडली. ती कोणाला? तर आदल्या वर्षींच्या कागदावर मुलाचें नांव ज्यानें लिहिलें त्याला. आलटून पालटून वर्षें वांटून घेतलेल्या आईबापांत पैसे एकाकडे आणि त्या वर्षाचा हक्क दुसऱ्याकडे, असा गोंधळ उडाला. घरगुती समेटाची वांटणी सरकारी यंत्राच्या ध्यानांत आलीच नाहीं.

आपल्याकडे हा प्रश्न दुसऱ्या टोंकाकडून आला, तें जातां जातां सांगतों. अज्ञान मुलाच्या नांवावर ठेवी ठेवून कर चुकविण्यास आळा घालण्यासाठीं १९९२ सालीं भारतांत तरतूद झाली कीं, मुलाचें असें उत्पन्न आईबापांपैकीं ज्याची मिळकत अधिक त्याच्या मिळकतींत मिळवावें. मात्र त्यांचा विवाह टिकून नसेल तर मुलाचा सांभाळ जो करतो त्याच्या मिळकतींत मिळवावें. तेथें मूल कागदावर आल्यानें कर घटतो, येथें तो वाढतो. परंतु सांभाळ कोण करतो, हा शब्द आपल्या कायद्यानें ठेवला. अमेरिकेनें मात्र अनुभवानें पोळून तो सोडला व रात्री मोजल्या.

रात्र हें माप न्याय्य आहे काय? दूर राहून शाळेची फी भरणाऱ्या बापाचें ओझें त्यांत मोजलें जात नाहीं. तापानें फणफणलेल्या लेकराच्या उशाशीं जागून काढलेली रात्र आणि तें सुखानें झोपलेली रात्र, दोन्हींचें मोल त्यांत सारखेंच. तरीहि हें माप टिकलें, त्याचें कारण असें कीं, तें दुरून तपासतां येतें. महोसधासमोर दोन स्त्रिया होत्या आणि त्यांचे चेहरे त्याला दिसत होते. कोट्यवधि कागद चाळणाऱ्या सरकारला चेहरे दिसत नाहींत. त्याला खूण हवी असते, आणि खूण जितकी सोपी तितकी ती मूळ गोष्टीपासून दूर पडते. सरकारनें आधीं पैसा मोजून पाहिला, मग रात्री मोजल्या. आईपण व बापपण दोन्ही मापांतून निसटलें.

म्हणून या शंभर वर्षांच्या खटाटोपांत मला सर्वांत शहाणें कलम वाटतें तें सहीचें. तेथें सरकार एवढेंच म्हणतें कीं, तुम्हीं दोघांनीं ठरवा आणि आम्हांला लेखी कळवा. जातकांतल्या आईनें मूल सोडलें आणि तिची ओळख पटली. अमेरिकेंतील एखादी आई किंवा एखादा बाप ठरल्या वर्षीं न भांडतां त्या फॉर्मवर सही करतो, तेव्हां मुलाचें नांव दुसऱ्याच्या कागदावर जातें. मूल मात्र रेघेच्या दोन्ही बाजूंना पूर्वीसारखेंच राहतें. ओढाताण तेवढी वांचते, आणि रडण्याचें कारण उरत नाहीं.